बसल्या बसल्या जमवायचं लग्न

मला पाहायला आलेल्या पहिल्या मुलाच्या आईनं मला आलूपोह्यांचा ट्रे घेऊन येताना पाहिलं आणि ट्रेकडे न बघता दाराच्या चौकटीकडे बघितलं. माझं डोकं आणि चौकटीचं वरचं लाकूड यांच्यात किती जागा उरलीय, याचा ती अंदाज घेत होती. पोहे सगळ्यांनी खाल्ले, मागून घेऊन खाल्ले, आणि काही दिवसांनी निरोप आला की मुलगी चांगली आहे, पण जरा जास्तच आहे. भाजीत मीठ जास्त व्हावं तशी. त्यानंतर जे कोणी आले त्यांचाही निरोप थोड्याफार फरकानं हाच होता.

हे सत्तर सालच्या आसपासचं. आम्ही नागपुरात महाल भागात भाड्यानं राहत होतो. बाबांची थोडी शेती खाप्याला होती, ती काका बघायचे, आणि बाबा कचेरीत कारकून होते. मी मुलींच्या एका शाळेत पी.टी. शिकवत होते. म्हणजे दिवसभर पोरींना "ताठ उभ्या राहा, खांदे मागे" असं ओरडायचं आणि संध्याकाळी घरी आलं की आईकडून "जरा वाकून चाल वं" हे ऐकायचं. आईला वाटायचं, सवय लावली तर माणूस कमी होतो. पाहुणे यायचे असले की ती मला दारातून आत येण्याची तालीम द्यायची: मान खाली, खांदे पुढे, पावलं छोटी. त्या चालीनं मी लाजाळू दिसते असं तिचं म्हणणं होतं. मला स्वतःला मी पोटात दुखत असल्यासारखी दिसायचे.

मला लग्न करायचं होतं, हे सरळच सांगते. त्या काळी नोकरीवाल्या मुली "मला नाहीच करायचं" असं तोऱ्यात म्हणायच्या. माझा तसा काही तोरा नव्हता. मला माझं घर हवं होतं, संध्याकाळी ज्याच्याशी भांडावं असं माणूस हवं होतं. शिवाय धाकटी बहीण लग्नाची झाली होती, आणि थोरलीला घरात ठेवून धाकटीचं करण्याची आमच्यात रीत नव्हती. माझं अडलं की तिचंही अडणार. ती कधी काही बोलली नाही, पण कोणाच्याही लग्नाची पत्रिका घरी आली की ती उठून स्वयंपाकघरात जायची. ते मला फार लागायचं.

अशात एक दिवस कन्हानहून माझी थोरली मावशी आली. हातपाय धुवायच्या आधीच तिनं स्थळ सांगितलं. मुलगा खापरखेड्याला विजेच्या कारखान्यात, नोकरी पक्की, वडील नाहीत, मामा करताधरता, स्वभावानं गायीसारखा गरीब. बाबांनी विचारलं, यात वाईट काय आहे ते सांगा. मावशीनं पदरानं कपाळ पुसलं आणि म्हणाली, मुलगा अंमळ ठेंगणा आहे. बाबांनी विचारलं, म्हणजे किती?

"बसलेला असला तं समजत नाही," मावशी म्हणाली.

 मग आईनं माझ्याकडे बघितलं आणि तिच्या डोक्यात काय चाललंय ते मला दिसायला लागलं. मी बसलेली असले तर माझंही समजत नाही. माझी सगळी उंची पायात आहे.

मावशीनं सगळं ठरवूनच आणलं होतं. घरी पाहणं ठेवलं तर मी पोहे घेऊन चालत येणार, तो नमस्काराला उठणार, आणि तिथंच निकाल लागणार. त्यापेक्षा दोन्हीकडच्यांनी मिळून सिनेमाला जायचं. त्या दिवसांत पुढारलेल्या घरांमध्ये मुलगी दाखवायची ही एक नवी तऱ्हा निघाली होती. आपण लवकर जाऊन बसायचं, ते अंधार झाल्यावर येतील. मध्यंतरात मुलगा-मुलगी चार शब्द बोलतील, बसूनच. सिनेमा संपला की आधी ते निघतील, आपण मागाहून. एकदा सुपारी फुटली आणि साखरपुडा झाला की मग कोण मोजायला बसतंय! मावशीचा आवाज असा होता की जणू तिनं देशाचा अर्थसंकल्प जुळवून दाखवला होता.

मी चिडले. मी म्हटलं, लग्नानंतर काय, आम्ही दोघं जन्मभर बसून राहायचं? आई म्हणाली, "तू गप राय. सारं तोंडानंच घालवतेस." बाबा वर्तमानपत्राआड गेले. धाकटी बहीण माझ्याकडे बघत होती. मी सिनेमाला गेले.

सिनेमा मावशीनंच निवडला. सीताबर्डीवरून रिक्षानं जाताना तिनं भिंतीवर पोस्टर पाहिलं होतं. त्यावर नायक-नायिकेचे नुसते दोन चेहरे होते, गालाला गाल लावलेले. घरगुती, प्रेमाचा, हसरा सिनेमा दिसतोय, असं तिनं ठरवलं.

एप्रिलातली दुपार होती. तीनच्या खेळाला आम्ही बाल्कनीत वेळेच्या बऱ्याच आधी जाऊन बसलो: मी, माझ्या डावीकडे आई, तिच्या पलीकडे मावशी. बाबा कचेरीचं निमित्त सांगून सुटले होते. दिवे गेले आणि बॅटरीवाल्याच्या मागोमाग दोन माणसं आमच्या रांगेत शिरली. एक धिप्पाड, म्हणजे मामा. दुसरा माझ्या उजवीकडच्या खुर्चीत येऊन बसला. अंधारात मला त्याचा पांढरा शर्ट आणि केसांचं तेल एवढंच कळलं. पण पावलांचा आवाज मात्र मी ऐकला होता. तो ठक ठक असा चालत आला होता, खूर असल्यासारखा.

आणि सिनेमा सुरू झाला.

पोस्टरवरच्या त्या दोन चेहऱ्यांना खाली धडं होती, आणि त्या धडांवरच सगळा सिनेमा होता. नायिका होती एका पहिलवानाची ताडमाड मुलगी. नायक होता घड्याळांच्या दुकानातला कारकून, तिच्या कोपराएवढा. पहिल्याच प्रसंगात तो तिला शोधत असतो आणि ती त्याच्या मागेच उभी असते. त्याला फक्त तिच्या पोटावरची जरीची किनार दिसते. थिएटर हसून कोसळलं. पुढे त्यानं तिची सायकल घेतली आणि त्याचे पाय पेडलला पोचेनात. पुन्हा हशा. खालून, पुढच्या रांगांतून शिट्ट्या आल्या. आमच्या रांगेत मात्र पाचही माणसं अशी बसली होती, जणू कोणाच्या मयतीला आली आहेत.

मावशी हळू आवाजात देवाचं नाव घेत होती. आईचा हात माझ्या हातावर होता आणि तो गार पडला होता. मला रडू यायला हवं होतं, पण खरं सांगायचं तर मला राग येत होता. आणि तो राग मावशीचा नव्हता, सिनेमाचा होता. सिनेमावाल्यांना उंच बाईचं काय करायचं हे कधी कळलेलंच नाही. तिला घोगरा आवाज देतात, तिला ढीगभर पोळ्या खायला लावतात, आणि शेवटी ती आजारी पडून अंथरुणाला खिळली की मगच नायकाला तिच्याबद्दल प्रेम वाटायला लागतं. आडवी झाली की बाई झाली. उभी असेपर्यंत विनोद.

मध्यंतरात दिवे लागले. सगळं थिएटर चहाला, समोशाला उठलं. आमच्या रांगेतलं कोणीच उठलं नाही. उकाडा मरणाचा, कूलर नुसता घरघरत होता, आणि तरी पाणी प्यायलासुद्धा कोणी हललं नाही. तेव्हा मला थोडं नवल वाटलं. आमच्याकडचे का उठत नाहीत ते मला माहीत होतं, पण ते का उठत नव्हते? मामा घसा खाकरून मावशीला म्हणाले की पिक्चर बरा आहे. मावशी म्हणाली, हो, बोधपर आहे. मी शेजारी बघितलं. त्याचा चेहरा रुंद होता, डोळे मोठे आणि शांत. तो माझ्याकडे बघून अगदी थोडंसं हसला आणि लगेच पायाकडे बघायला लागला. त्याला काहीतरी टोचत असावं असं वाटलं. चार शब्द बोलायचे होते, ते आम्ही बोललो नाही.

आता इथं एक सांगायला पाहिजे. त्या काळी सिनेमा संपला की पडद्यावर झेंडा यायचा आणि राष्ट्रगीत वाजायचं. चीनच्या युद्धानंतर तशी पद्धतच पडली होती. थिएटरवाला बाहेरची दारं लावून घ्यायचा आणि सगळ्यांनी उभं राहायचं. हे अख्ख्या नागपूरला माहीत होतं. माहीत नव्हतं ते मावशीला, कारण मावशीनं जन्मात एकही सिनेमा शेवटपर्यंत पाहिला नव्हता. तिला कन्हानची गाडी पकडायची असायची. नायक-नायिका एकमेकांकडे पळत निघाले की मावशी चपला घालून दाराकडे पळत निघायची. आईही तिच्याचबरोबर सिनेमे पाहिलेली, त्यामुळे तिची तीच गत. आणि मला माहीत असूनही त्या दिवशी रागाच्या भरात सुचलं नाही.

पडद्यावर लग्न लागलं. नायकाला हार घालायला खोक्यांवर खोकी रचून वर चढवलं, शेवटचं खोकं डगमगलं, तो पडला, सगळे हसले, संपलं. मावशी सुटकेचा श्वास सोडून मामांना म्हणाली, तुम्ही व्हा पुढे, आम्ही येतो सावकाश. मामा म्हणाले, छे, बायामाणसं आधी. दोघं एकमेकांना आग्रह करत बसले, आणि झेंडा आला.

सगळं थिएटर उभं राहिलं. आमची रांग उभी राहिली. बसून राहण्याची सोय नव्हती, मागून सगळे बघत होते.

आईनं माझा पदर खाली ओढला. मला कळलं. मी साडीच्या आत गुडघे वाकवले आणि तशी उभी राहिले. पहिली ओळ मी तशीच काढली. मांड्या थरथरायला लागल्या. रोज सकाळी शाळेच्या पटांगणात याच सुरावर मी पोरींच्या रांगांमधून फिरत असे आणि जी वाकडी उभी असेल तिच्या पाठीवर हात ठेवून तिला सरळ करत असे. त्यातली एखादी पोर मागे बसलेली असती तर? पण तेही खरं कारण नव्हतं. खरं कारण हे की मला एकदम माझीच कीव आली. एवढी नोकरी करणारी, धडधाकट बाई, अर्ध्या अंधारात गुडघे वाकवून, एका परक्या माणसाला फसवत उभी आहे.

मी गुडघे सरळ केले. खांदे मागे घेतले. आईच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला.

मग मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून उजवीकडे बघितलं. तिथं कोणी दिसलं नाही. जरा खाली बघितलं, तर तो होता, छाती काढून, हात बाजूला, अगदी सावधान. माझ्या खांद्याच्याही खाली. मावशीनं सांगितलं होतं त्यापेक्षाही खाली. आणि त्याच्या पायात नुसते मोजे होते.

गीत संपलं, दारं उघडली. मामांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा भाच्याच्या पायांकडे, आणि तांबडे होऊन तरातरा निघून गेले. त्यांच्यामागे आई आणि मावशी, दोघी एकमेकींचा हात धरून, खरंच मयतीहून आल्यासारख्या. मीही निघणार होते, पण तो खुर्च्यांखाली वाकून काहीतरी शोधत होता.

मी विचारलं, काय हरवलं? तो म्हणाला, बूट. एक इथं आहे, दुसरा घरंगळत खाली गेलेला दिसतो. बाल्कनीची फरशी उतरती होती. मी पुढच्या रांगांमधून बघत गेले आणि तो सापडला. हातात घेतला तर वजनदार लागला. मामांनी चांभाराकडून त्याला आत आणि बाहेर दोन्हीकडून जाड टाच लावून घेतली होती. तो ठक ठक आवाज त्याचा होता. मागाहून कळलं, सिनेमाची कल्पनाही मामांना मावशीकडूनच मिळाली होती आणि त्यांना ती फारच पसंत पडली होती. मुलगी जरा उंच आहे एवढं त्यांना ठाऊक होतं. बसून जमवू, वेळ आलीच तर बूट आहेत, असा त्यांचा हिशेब.

"लय चावून राहिले होते," तो ओशाळून म्हणाला. "अंधारात काढून ठेवले. हे गाणं माझ्या ध्यानातच नाही आलं."

मला हसू फुटलं. इतका वेळ त्या सिनेमात जे आलं नव्हतं ते सगळं एकदम आलं. मी खुर्चीच्या पाठीला धरून हसले. तोही हसायला लागला. मग मी त्याला सांगून टाकलं की पहिली ओळ मी गुडघे वाकवून काढली. तो म्हणाला, दिसलं मले, तुमी एकदम वाढल्या. यावर आम्ही पुन्हा हसलो. झाडूवाला खालून ओरडला की पुढचा खेळ लागतोय.

बूट त्यानं पायात घातले नाहीत, हातातच धरले. मी निघाले तेव्हा तो म्हणाला, एक विचारायचं आहे. मला वाटलं, हा आता उंची किती ते विचारणार. सगळे तेच विचारायचे, तेही मला नाही, बाबांना.

"मी तुमाले चालन काय?" त्यानं विचारलं.

 इतकी माणसं पाहून गेली, पोहे खाऊन गेली, मला चालवून, बसवून, बोलायला लावून गेली. मुलगी पसंत आहे का, हे सगळ्यांना विचारलं गेलं. त्यांच्या आत्याबाईंना, काकांना, गावाकडच्या आजोबांना पत्र पाठवून. मला काय वाटतं हा प्रश्न या प्रकारात असू शकतो, हे मलाच कधी सुचलं नव्हतं.  मी शाळेतल्या बाईच्या आवाजात म्हटलं, "मले विचार कराले वेळ पाहिजे."

"घ्या ना," तो म्हणाला. "मी कुठं जाऊन राहिलो?"

घरी पोचल्यावर आईनं माझ्याशी बोलणं टाकलं. सगळं मी ताठ उभी राहिल्यामुळे झालं, असं तिचं ठाम मत. पण दोन-चार दिवसांत मावशी पुन्हा कन्हानहून धापा टाकत आली. त्यांचा होकार होता. फक्त मुलगा ऐकत नाही, म्हणतो की मुलीचा होकार माझ्या कानावर आल्याशिवाय सुपारी फोडायची नाही. मामांनी समजावलं, तरी नाही.

"पोरीचा होकार?" आईनं असं विचारलं, जणू कोणी तिला चंद्राचा तुकडा आणून द्यायला सांगितलं होतं. मग सगळे माझ्याकडे वळले. आणि मी म्हटलं, सांगते विचार करून.

घरात जणू आगच लागली. एवढे नकार पचवलेली मुलगी विचार करते म्हणते! आईनं मला काय काय नाही म्हटलं. पण मी खरंच विचार करत होते, नखरे नव्हते. माणूस मला आवडला होता, प्रश्न त्याचा नव्हताच. मला ते थिएटर आठवत होतं, तो हशा. सीताबर्डीच्या रस्त्यानं आम्ही दोघं जाऊ तेव्हा तो हशा आमच्या मागून येणार, लग्नात, बारशात, बस स्टॉपवर, शाळेच्या गॅदरिंगला पोरींच्या हातांआडून. जन्मभर. तो हशा मला सोसेल का? शाळेत जाताना मी जोड्या बघायला लागले. एक नवरा सायकलवर बायकोला ओरडत चालला होता, उंची अगदी जुळलेली. एका दुकानात एक बाई साडी निवडत होती आणि तिचा नवरा दुकानदाराला सांगत होता की हिला ती निळी द्या. ती बाई हिरवीकडे बघत होती. तिला निळी दिली. त्या दोघांकडे बघून कोणीही हसत नव्हतं.

त्या रविवारी सकाळी आम्ही गच्चीवर कुरडया घालत होतो. बहीण खालून चीक आणून देत होती, आई सोऱ्या दाबत होती, मी धोतरावरच्या वेटोळ्यांच्या कडा सरळ करत होते. अजून ऊन चढलं नव्हतं. मी आईला म्हटलं, खापरखेड्याला कळवून दे, हाव म्हणते म्हणावं.

आईचा सोऱ्या थांबला. बहीण रिकामं पातेलं तिथंच ठेवून जिन्यानं धावत खाली गेली, बाबांना सांगायला. आईचे डोळे भरून आले, पण तिला ते मला दाखवायचे नव्हते, म्हणून ती रागावूनच बोलली. चांगली चांगली स्थळं येऊन गेली आणि आता या एवढुशा माणसात मी असं काय पाहिलं, ते तिला कळत नव्हतं.

"त्यानं मले विचारलं," मी म्हटलं.

 आईनं सोऱ्यात चीक भरला, एक कुरडई घातली, मग अजून एक घातली. तिचं लग्न झालं तेव्हा ती माझ्या शाळेतल्या पोरींएवढी होती, आणि बाबांचं तोंड तिनं पहिल्यांदा पाहिलं ते अंतरपाट बाजूला झाल्यावर, हे मला माहीत होतं. पण ते मी आजवर एक गंमत म्हणूनच ऐकलेलं होतं.

"मले तं कोणीच नव्हतं विचारलं वं," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "विचारलं असतं तं मी बी हावच म्हटलं असतं. पण विचाराले पाहिजे होतं."